ब्रेक गार होईपर्यंत

देवाने माणसाला दोन पाय दिले ते त्याच्या मर्जीने चालायला. पण ज्याने आयुष्यभर बस चालवली त्याचा उजवा पाय त्याचा उरत नाही. रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केला की हा पाय मालकाला न विचारता ब्रेकवर जातो. ड्रायव्हरकाकांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. टोपी गेली, बिल्ला गेला, निम्मे दात गेले. पाय मात्र अजून नोकरीतच होता. पुढे जे झालं ते या पायापायी झालं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

शनिवारी सकाळपासून काका मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जावयाच्या लाल गाडीत बसून ब्रेक दाबत होते. गाडी दोन माणसांची, आणि इतकी बुटकी की आत शिरायचं म्हणजे लोटांगणच घालायचं, आणि बाहेर यायचं तर कुणीतरी हात द्यायचा. मागचं चाक काढलेलं होतं. चाकाच्या जागी मिस्त्री उकिडवा बसला होता. त्याच्या हातात पाना, पान्याखाली ब्रेकची छोटीशी तोटी, तोटीला पारदर्शक नळी आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत.

“दाबा काका.”

“दाबलं.”

“धरा… धरून ठेवा… हां, सोडा.”

नळीतून ऑइल यायचं आणि ऑइलबरोबर एखादा बुडबुडा. बुडबुडे संपेपर्यंत हेच चालायचं; आत हवा राहिली तर पेडल उशीसारखं दबतं आणि गाडी थांबायची की नाही याचा विचार करत बसते. एक चाक झालं की दुसरं. काकांची पोटरी भरून आली होती.

“दमलात का मामा?” जावई म्हणाला. त्याचा डावा हात गळ्यात अडकवलेला होता आणि उजव्या हाताने तो मिस्त्रीला बॅटरीचा उजेड दाखवत होता.

“जावईबापू, मी या गाडीत बसतानाच दमलो. आता नुसता दाबतोय.”

“आमच्या काकांसारखा पाय नाही मिळायचा,” मिस्त्री खालून म्हणाला. “धरा म्हटलं की धरतात. नाहीतर हे तुमचे हौशी लोक! धरा म्हटलं की विचारतात, किती वेळ?”

जावई हसला. हसताना खांदा दुखला म्हणून लगेच थांबला.

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभर तो लोकांना सांगायचा, वर बघा, खाली बघा, आता शेवटची ओळ वाचा. कुणावर आवाज चढवणं नाही, रांगेत कुणाच्या पुढे जाणं नाही. असा हा मऊ माणूस रविवारी शहराबाहेरच्या रेस ट्रॅकवर गेला की निराळाच व्हायचा. तिथे हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवू देत. गेल्या महिन्यात तिथेच, उतारावरून वळणाला येताना, त्याचं पेडल सरळ तळाला टेकलं. गाडीचे मूळचे ब्रेक शहरातल्या रस्त्यांपुरते. फेरीमागून फेरी मारून ते इतके तापले की आतलं ऑइल उकळलं. गाडी टायरांच्या भिंतीत घुसली. बंपर गेला, जावयाच्या खांद्याचं हाड मोडलं, बाकी देवाने राखलं.

त्यानंतर लेकीने एकदाच सांगितलं होतं, तेही जेवताना, ताटाकडे बघत.

“ब्रेक बदल. चांगले, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले. मग बाबा चालवून बघतील आणि मी शेजारी बसेन. मला बरं वाटलं तर गाडी राहील. नाही वाटलं तर विकायची, आणि परत हा विषय घरात काढायचा नाही.”

“चालेल,” जावई म्हणाला होता.

“बाबा, चालेल ना?”

काकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता, म्हणून त्यांना नुसती मान हलवून सुटता आलं. सुटले म्हणजे अडकलेच. बायको गेल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. त्यांची खोली आणि लेक-जावयाची खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत. भिंतीपलीकडे ही दोघं भांडली असती तर काकांना झोप लागली असती. भांडण संपतं कधीतरी. पण ती दोघं गप्प असायची, आणि दुसऱ्या दिवशी एकेक जण येऊन म्हणायचं, “तुम्हीच सांगा ना तिला,” “बाबा, तुम्हीच सांगा ना त्याला.” काकांना या सांगण्याचा कंटाळा आला होता. खरं विचाराल तर गाडी जावी असंच त्यांना मनातून वाटत होतं. ती गेली की लेकीच्या कपाळावरची आठी जाईल, आणि मग सगळ्यांना नीट झोप लागेल, एवढंच त्यांचं साधं गणित.

दुपारपर्यंत काम संपलं. नवे ब्रेक खरंच देखणे होते. जुन्या डिस्कपेक्षा बोटभर मोठ्या डिस्क, त्यांवर तिरप्या खाचा, आणि डिस्कला मिठी मारून बसलेले जाडजूड कॅलिपर. चाक चढवून मिस्त्रीने ते हाताने फिरवून बघितलं. आतून कुठे घासत नव्हतं. त्याने हात पुसले आणि काकांजवळ येऊन बसला.

“आता नीट ऐका काका. नवी डिस्क आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे नवे पॅड यांची अजून ओळख नाही. ती तुम्ही करून द्यायची. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ऐंशीपर्यंत, आणि मग ब्रेक दाबून वीसवर आणायचा. पूर्ण थांबायचं नाही. परत वेग, परत ब्रेक. आठ-दहा वेळा. वास येईल, धूरही येईल थोडा, घाबरायचं नाही. आणि मग महत्त्वाचं. ब्रेक गार होईपर्यंत गाडी फिरवत राहायची. सावकाश. पण थांबायचं नाही, आणि ब्रेकवर पाय ठेवून उभं तर मुळीच राहायचं नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा डाग डिस्कवर बसतो.”

“तूच का फिरवून आणत नाहीस?” काका म्हणाले.

“मी आणली तर तुमच्या कन्या म्हणतील, मिस्त्रीचं काय, तो चांगलंच म्हणणार. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा.”

काकांनी एक उसासा टाकला, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला, तोंडातल्या तोंडात नाव घेतलं, आणि निघाले.

नवा महामार्ग झाल्यापासून जुना रस्ता ओस पडला होता. काकांनी त्या रस्त्यावर कितीतरी वर्षं बस चालवली होती. खड्डे त्यांना तोंडपाठ होते. गाडी ऐंशीला गेली तेव्हा काकांना वाटलं आपण जमिनीवरून सरपटत चाललोय. त्यांनी ब्रेक दाबला.

आणि मग, खोटं कशाला बोला, म्हाताऱ्याला मजा आली. बसचा ब्रेक म्हणजे एखाद्या जाड्या माणसाला झोपेतून उठवणं. आधी सांगा, मग वाट बघा. इथे बोटभर दाबलं की बोटभर थांबणं. जेवढं मागाल तेवढं, ना कमी ना जास्त. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वास यायला लागला, इस्त्रीखाली बटण वितळावं तसा. काकांनी काच खाली केली. आठव्या-नवव्या वेळेला तर ते स्वतःशीच “वा!” म्हणाले. मग वेग कमी केला आणि गाडी सावकाश गार करायला घेतली. डोक्यात विचार चालू होता, लेकीला काय सांगायचं. थांबते गं, म्हणायचं. फारच छान थांबते. मग गाडी राहणार. आणि भिंतीपलीकडचं ते गप्प बसणंही राहणार.

तेवढ्यात पुढच्या स्टॉपच्या पत्र्याखाली एक बाई उठून उभी राहिली आणि तिने हात वर केला.

काकांना कळलं तेव्हा गाडी थांबलेली होती. अगदी स्टॉपसमोर, दार बाईंच्या पुढ्यात येईल अशी, आणि पाय ब्रेकवर घट्ट.

बाईंनी खिडकीत वाकून बघितलं. हातात भाजीची पिशवी, चेहरा उन्हाने लाल.

“कुठे जाते ही?”

“ही… ही कुठे जात नाही बाई.”

“मग थांबलात कशाला?”

“तुम्ही हात केलात.”

“मी तुमच्या मागच्या बसला हात केला!” बाईंनी आत नजर टाकली. “आणि दोन सीटची गाडी घेऊन स्टॉपवर कसले थांबता? बाकीच्यांनी काय टपावर बसायचं? या वयात हे शौक! घरी माहीत आहे का?”

“घरच्यांनीच पाठवलंय.”

“शोभतं हो घराला.”

मागून खरोखरच बस आली, तिने भोंगा वाजवला, बाई मागे पळाल्या. काकांनी आरशात बघितलं, ड्रायव्हर ओळखीचा नव्हता. मग त्यांचं लक्ष आपल्या पायाकडे गेलं. सगळं बोलणं होईपर्यंत पाय ब्रेकवरच होता. पुढच्या चाकातून बारीक धूर येत होता.

“अरे देवा,” काका म्हणाले.

पुढे थोड्या अंतरावर त्यांनी ब्रेक हलकेच दाबून बघितला. पेडल पायाखाली थरथरलं. परत दाबला. परत तेच, चाकाच्या प्रत्येक फेरीला एक हिसका, आणि स्टिअरिंगला थंडी भरल्यासारखं कापरं. डाग बसला होता.

काका गॅरेजमध्ये परतले तेव्हा लेक येऊन बसली होती. ती रुग्णवाहिका बोलावायच्या फोनवर काम करायची. रात्रभर कानाला यंत्र लावून विचारायचं, कुठे झालं, किती जण आहेत, श्वास चालू आहे का. सकाळी घरी येऊन झोपायचं. पण गेला महिनाभर ती झोपायची नाही, नुसती आडवी व्हायची. आत्ताही एका पालथ्या डब्यावर बसली होती, भिंतीला डोकं टेकून, चहाचा कागदी पेला हातात तिरका.

“थांबते का?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“तू बसून बघ,” काका म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

ती शेजारी बसली. गॅरेजच्या मागच्या सरळ रस्त्यावर काकांनी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थडथडत थांबली. तिच्या हातातली किल्ल्यांची जुडी खुळखुळली. तिने काकांकडे बघितलं.

“हे असं?”

काकांनी गाडी गॅरेजकडे वळवली.

परत आल्यावर ती उतरली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. “थरथरते. आधी निदान थरथरत तरी नव्हती.”

मिस्त्रीचा चेहरा पडला. तो चाकाजवळ वाकला, चाकाच्या फटींतून डिस्क निरखून बघितली. “काका, मध्ये कुठे थांबला नव्हतात ना?”

काकांनी तोंड उघडलं, पण जावई आधीच बोलला. “मामा? मामांना सांगितलं होतं थांबायचं नाही, म्हणजे ते थांबणार नाहीत. अहो, सारं आयुष्य ब्रेकवर गेलंय त्यांचं.”

“मग डिस्कच वाकडी आली असेल,” मिस्त्री म्हणाला. “नाहीतर माझंच बसवताना काहीतरी चुकलं. मी उघडून बघतो ताई. परत मागवतो वाटल्यास.”

“नको,” जावई म्हणाला. त्याने आपल्या गाडीकडे एकदा बघितलं, आजारी माणसाकडे बघावं तसं. “नको उघडू. ठरलं होतं ना. तिला बरं वाटलं नाही. विकू या.”

काकांनी लेकीकडे बघितलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी सुटलेली दिसली. खांदे खाली आले होते. लहानपणी ताप उतरल्यावर दिसायची तशी दिसत होती ती. काकांना जे हवं होतं ते समोर उभं होतं, आणि त्यासाठी त्यांना काहीसुद्धा करायचं नव्हतं. गप्प राहायचं होतं फक्त. गप्प राहायची तर त्या घरात सगळ्यांनाच सवय होती.

काकांनी डोळे मिटले. वर जो बसलाय तो काही आपल्याला तिकीट मागत नाही, पण बघतो सगळं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. आणि समोर मिस्त्री हातात पाना घेऊन स्वतःची चूक शोधत होता.

“मी थांबलो होतो,” काका म्हणाले.

“काय?”

“स्टॉपवर. एका बाईने हात केला.”

तिघं त्यांच्याकडे बघत राहिले.

“बाईने?” मिस्त्री म्हणाला.

“भाजीची पिशवी होती हातात. मला नाही, मागच्या बसला केला होता हात. पण मी थांबलो. आणि बोलत बसलो, ब्रेकवर पाय ठेवून. बराच वेळ. म्हणजे ती बोलत होती, मी ऐकत होतो. मिस्त्रीची चूक नाही, ब्रेकचीही नाही. ब्रेक फार सुंदर आहेत. मी इतके चांगले ब्रेक आयुष्यात दाबले नाहीत.”

“मामा,” जावई हळूच म्हणाला, “तुम्ही त्यांना गाडीत घेतलं नाहीत ना?”

मिस्त्री फसकन हसला आणि पाना खाली पडला. लेकीलाही हसू आलं. तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि मग ते रडणंच झालं. कपाळावरची आठी जागेवर परत आली होती.

“तुम्ही गप्प बसला असता तर सुटले असते मी,” ती म्हणाली. “तुम्हालाही विकायलाच हवी होती ना? मला दिसत होतं.”

“हवी होती.”

“मग?”

“अगं, दुसरं काहीही खोटं सांगितलं असतं तुझ्यासाठी. ब्रेकबद्दल नाही सांगता येत मला.”

ती नाक पुसत उभी राहिली. मग मिस्त्रीला म्हणाली, “तो डाग जातो का?”

“जायला हवा. परत सगळं पहिल्यापासून करायचं, थोडं जास्त तापवून. पॅडच डिस्कला घासून पुसून काढतो. पण या वेळेला थांबायचं नाही.”

“मी जाते बरोबर. कुणी हात केला तर मी सांगेन.”

जुन्या रस्त्यावर दुसऱ्यांदा गाडी धावली. पहिल्या दोन-तीन वेळा थरथर होती, मग कमी झाली, मग नुसती कुजबुज उरली, आणि शेवटी पेडल पायाखाली शांत झालं. लेक दर वेळी पट्ट्यात पुढे ओढली जायची आणि मागे टेकायची. काकांनी वेग उतरवला आणि गाडी सावकाश चालू ठेवली.

“कसं वाटलं?” त्यांनी विचारलं.

“थांबते.” ती खिडकीबाहेर बघत होती. “बाबा, मला ब्रेकची भीती नव्हतीच. त्या रविवारी माझी दिवसाची ड्यूटी होती. फोन माझ्याकडे नाही आला. दोन खुर्च्या सोडून बसते ना, तिने घेतला. मला तिचं एकच ऐकू येत होतं. रेस ट्रॅक का? कितवं वळण? गाडीचा रंग कोणता? ती म्हणाली, लाल. आणि मी माझ्या फोनवर एका आजोबांना सांगत होते, आजींची मान सरळ ठेवा. ते सोडून उठता येईना.”

काकांनी मान हलवली. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. भिंतीपलीकडचं गप्प बसणं हे होतं तर.

“त्याला सांगितलंस?”

“नाही. काय सांगायचं?”

“हेच. जसं मला सांगितलंस.”

दोन्ही बाजूंनी बंद गोदामं, कुंपणं, वाळलेलं गवत मागे जात होतं.

“आज सांगते,” ती म्हणाली. “आणि गाडी राहू दे. पण माझी ड्यूटी असेल त्या रविवारी ती दारातून हलायची नाही. मी घरी असेन तेव्हा जाऊ दे त्याला कुठे जायचं ते. मी पण जाईन बघायला. निदान रंग तरी मला कुणाकडून ऐकायला नको.” तिने डोळे मिटले. “तुम्ही सांगू नका हं त्याला. मीच सांगणार.”

“मी कशाला सांगतोय. मला रजा दिली तर देवाचे उपकार होतील.”

ती किंचित हसली. थोड्या वेळाने काकांनी काहीतरी विचारलं, तर उत्तर आलं नाही. तिची मान काचेला टेकली होती, तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर उताणे. ती झोपली होती. नुसती आडवी झालेली नाही, झोपलेली.

ब्रेक कधीच गार झाले होते. आता गॅरेजकडे वळलं तरी चाललं असतं. काकांनी वळणावर क्षणभर विचार केला आणि गाडी सरळ घेतली. लेकीच्या मांडीवरचा फोन उजळला, जावयाचं नाव आलं, थरथरला आणि विझला. दमला असेल बिचारा वाट बघून. काकाही दमले होते. पाठ मोडली होती, पोटरीत गोळा आला होता. पण त्यांनी गोदामांना वळसा घातला, परत तोच रस्ता धरला, मग जिथे सिग्नल नाहीत असे रस्ते आठवून आठवून घेत राहिले.

एक सिग्नल मात्र टाळता येईना. लांबून लाल दिसला तसा काकांनी पाय हलकेच टेकवला. गाडी मंद होत गेली, होत गेली, आणि अगदी थांबायच्या आधी त्यांनी पेडल केसभर सैल केलं, म्हणजे शेवटचा तो धक्का बसत नाही. गाडी उभी राहिली. लेकीची मान जागची हलली नाही.